दुधाच्या पिशवीचा कोपरा

आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई फारशा बोलत नाहीत. दारातले दोन डबे उचलायचे, पोत्यात आणि बादलीत रिकामे करायचे, डबे जागेवर ठेवायचे आणि पुढचं दार गाठायचं. मागच्या वर्षी संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, त्या आमच्या दारात थांबल्या. सुक्या कचऱ्यातून दुधाची रिकामी पिशवी वर काढून म्हणाल्या, "ताई, पिशव्या धुऊन देता ते लई बरं करता. पण कोपरा कापून वेगळा टाकू नका. पिशवीलाच लोंबता राहू द्या. एवढासा तुकडा आम्हाला वेचता येत नाही. तो कुठं जातो कुणालाच कळत नाही."

आमच्याकडे रोज दोन पिशव्या दूध लागतं. म्हणजे वर्षाचे ७३० कोपरे. या घरात येऊन आम्हाला १४ वर्षं झाली. रात्री वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, तो दहा हजारांच्या वर गेला. करंगळीच्या नखाएवढे दहा हजार तुकडे. त्यांतला एकही परत सापडणार नाही.

ओला-सुका नेमाने वेगळा करणारं घर म्हणून आमचं सोसायटीत नाव आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले, त्याच्याही आधीपासून आमच्या ओट्याखाली दोन डबे आहेत. त्यामुळे आपलं काम झालं, असं मनात पक्कं बसलं होतं. ताईंच्या बोटांत धरलेल्या त्या पिशवीने ते हललं. वेगळा करून दिलेला कचराही कुणीतरी हाताने पुन्हा निवडतं, आणि त्या हातांतूनही जे निसटतं ते निसटतंच. मग आपल्या डब्यात मुळात काय काय पडतं, ते एकदा नीट बघायचं ठरवलं.

घरात आम्ही पाच जण: मी, नवरा, सासूबाई, नववीतली लेक आणि पाचवीतला मुलगा. सात दिवस रोज रात्री ओटा आवरला की डबे पेपरवर पालथे करायचे, वाटे करायचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे आणि वहीत लिहायचं. आठवड्याचा हिशोब असा निघाला: ओला कचरा ७ किलो २०० ग्रॅम. पुठ्ठा, कागद, बाटल्या, दुधाच्या पिशव्या असा विकला जाणारा सुका माल १ किलो ८०० ग्रॅम. आणि कुणालाच नको असलेला तिसरा वाटा १ किलो ३०० ग्रॅम.

या तिसऱ्या ढिगापाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले. वेफर्सची आणि बिस्किटांची पाकिटं, शांपूच्या पुड्या. बाहेरून प्लास्टिक, आतून चकचकीत थर, दोन्ही एकमेकांना असे चिकटलेले की भंगारवाला त्यांना हात लावत नाही. घरपोच आलेल्या खोक्यांवरची चिकटपट्टी. सॅनिटरी पॅड. सासूबाईंच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. संपलेल्या रिफिली, दात घासायचा एक ब्रश, भांड्यांची झिजलेली हिरवी घासणी. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या सात वाट्या, त्यांतल्या दोन तडकलेल्या. यातली एकेक वस्तू आम्ही पैसे मोजून किंवा हसून हात पुढे करून घरात घेतली होती.

सासूबाईंची मावसबहीण फुरसुंगीला दिलेली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला. तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली, विहिरींचं पाणी नासल्याच्या तक्रारी केल्या, हे सगळं आम्ही पेपरात वाचलेलं. पण सासूबाई तिकडे कार्याला जाऊन आल्या की एकच सांगायच्या, "वारा फिरला की पंगतीत घास उतरत नाही गं." ओला कचरा ढिगाखाली दबून हवेवाचून कुजला की त्यातून मिथेन निघतो आणि असे ढीग आतल्या आत पेट घेतात, हे मी नंतर वाचलं. आमचे आठवड्याचे सात किलो त्याच ढिगाच्या वाटेवरचे. म्हणून सुरुवात ओल्या कचऱ्यापासून केली.

रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आणल्या. नवऱ्याने बाजूंना आणि तळाला ड्रिलने भोकं पाडली. बादल्या गॅलरीत विटांवर ठेवल्या, खाली एक जुनी परात. तळाला चार बोटं सुका पाला, त्यावर दिवसाचा ओला कचरा, वर पुन्हा पाला. विरजणासारखं काहीतरी हवं म्हणून आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडलं. पाल्याला तोटा नव्हता. आमच्या गल्लीत शिरीष आहे, करंज आहे, आणि माघ-फाल्गुनात तर रस्ताभर पाल्याची चटईच पडते. एरवी तो सकाळी झाडून कोपऱ्यात पेटवतात. पुण्यात पाला असलेल्यांना आणि पाला हवा असलेल्यांना जोडून देणारा 'ब्राऊन लीफ' नावाचा मंच आहे. आमच्या सोसायटीतला जास्तीचा पाला पुढे आम्ही त्यांच्यामार्फत एका गच्चीवरच्या बागेला दिला.

पहिले दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या आठवड्यात घरी कलिंगड आलं, लागोपाठ दुसरं आलं, आणि मी त्यांच्या सगळ्या साली एकाच दिवशी बादलीत दाबून बसवल्या. चौथ्या दिवशी गॅलरीचं दार उघडवेना. झाकण काढलं तर वरचा थर हलत होता, पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, त्यावर इतर सहा जणांनी लिहिलं. मला रडू आलं. बादली उचलून सरळ कचऱ्यात ओतावी, इथपर्यंत मी आले होते.

सासूबाईंचं माहेर साताऱ्याकडचं, वडिलांची शेती. त्या गॅलरीत आल्या, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "अगं, उकिरडा कधी दाबून भरतात का? त्याला श्वास घ्यायला नको?" जुनी चादर अंथरून आम्ही बादली त्यावर ओतली. खालचा भाग चिखल झाला होता. त्यांनी त्यातली मूठभर उचलून दाबली, बोटांमधून पाणी गळलं. "मूठ दाबली की ओल लागली पाहिजे, थेंब पडता कामा नये," त्या म्हणाल्या. पोतंभर पाला हाताने चुरून आम्ही त्यात कालवला. दोन दिवसांत वास गेला. शास्त्र तेच सांगतं: कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण तीस भाग कर्ब आणि एक भाग नत्र असं खाद्य लागतं. सालींमध्ये नत्र आणि पाणी जास्त, पाल्यात कर्ब जास्त. पाला कमी पडला की घाण वास येतो. वहीत मी एवढंच लिहिलं, 'एक वाडगा ओला, दोन वाडगे पाला', आणि आजतागायत ते माप मोडलेलं नाही.

पाला कालवल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीच्या मधोमध हात घातला आणि दचकून मागे घेतला. आत गरम होतं, ताज्या भाकरीच्या टोपल्यात हात घातल्यासारखं. मुलाला बोलावलं, त्यानेही हात घातला. मग तो रोज शाळेतून आला की आधी बादलीशी जायला लागला. पावसाळ्यात करड्या, चपट्या, जाड अळ्या आल्या तेव्हा मी घाबरले नाही. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. कचरा झपाट्याने फस्त करतात आणि त्यांची माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत बसत नाही. पहिलं खत निघायला ७५ दिवस लागले. काळं, चहापत्तीसारखं भुसभुशीत. सासूबाईंनी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि काही न बोलता त्यांच्या तुळशीच्या कुंडीत घातलं.

एक गोष्ट मात्र त्या बादलीत अजून तशीच आहे. 'विघटनशील' असं छापलेली एक पिशवी भाजीवाल्याने दिली होती, ती मी विश्वासाने आत टाकली. चार महिन्यांनी खत चाळताना ती अखंड निघाली, वरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. अशातल्या बऱ्याच पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या सततच्या जास्त तापमानातच विरघळतात, गॅलरीतल्या बादलीत नाही. म्हणून आता पिशवीवर काय छापलंय ते मी बघत नाही, कापडी पिशवी पुढे करते.

खताने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. साली, देठं, चहाचा चोथा हे ठीक. पण बादलीत शिजलेला भात, पोळ्या, तळाशी राहिलेली उसळही जात होती. एक आठवडा ते वेगळं तोललं: १ किलो १०० ग्रॅम. एवढं अन्न शिजवून, गॅस जाळून आम्ही कुजायला टाकत होतो. खत होतंय म्हणून ते चालेल, हे मला पटेना. मग भाताची वाटी ठरली, माणशी अर्धी. पोळ्या रात्री विचारून लाटायच्या. गुरुवार हा शिलकीचा दिवस: त्या दिवशी नवीन भाजी नाही, फ्रीजमधलं सगळं बाहेर निघतं. फोडणीची पोळी, उरलेल्या आमटीत पीठ मळून थालीपीठ, वरणफळं. मुलं कुरकुरली, पण महिन्याभरात फोडणीच्या पोळीची वाट बघायला लागली.

आणि देठं-साली तरी सगळ्या कुठे टाकायच्या असतात! दोडका आणला की माझी आई आधी त्याच्या शिरा काढून बाजूला ठेवायची. मी मात्र गेली कित्येक वर्षं त्या सरळ डब्यात टाकत होते. आता शिरा बारीक चिरून थोड्या तेलावर मंद आचेवर परतायच्या. आधी ओलसर असतात, तव्याला चिकटतात, मग हळूहळू कडा तपकिरी होतात आणि कुरकुर वाजायला लागतात. तिथेच तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची घालायची आणि मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचं. गरम भाकरीबरोबर ती चटणी खाताना लेक म्हणाली, "आई, भाजी राहू दे, उद्या नुसता दोडका सोल." कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, मुळ्याचा पाला भाजीत, कलिंगडाच्या सालीचा पांढरा गर थालिपिठात जायला लागला. ओल्या कचऱ्याचं वजन यानेच सव्वा किलोने उतरलं.

दुकानाचं काम सगळ्यात अवघड निघालं. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, २०२२च्या जुलैपासून देशभर एकदाच वापरायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर आली. पण डाळ, रवा, पोहे हे सगळं तर कारखान्यातूनच पाकिटात बंद होऊन येतं. जुन्या सुती परकरांच्या मी बारा पिशव्या शिवल्या, नाडीच्या, तीन मापांच्या. घराजवळच्या मोठ्या दुकानातल्या मुलाने त्या हातात घेऊन परत दिल्या, म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये सुटं नाहीये." शेवटी मंडईजवळचं एक जुनं भुसार दुकान सापडलं. तिथल्या काकांनी पहिल्याच खेपेला पिशवी काट्यावर ठेवली आणि खिशातलं पेन काढून तिच्या कोपऱ्यावर '४२ ग्रॅम' लिहिलं. "दर वेळेला वजा करायला बरं," म्हणाले. आता बाराही पिशव्यांवर त्यांच्या अक्षरात आकडे आहेत. महिन्यातून एकदा तिकडे जाते. तेल घाण्यावरून आमच्या स्टीलच्या डब्यात येतं, चिकन झाकणाच्या डब्यात, हॉटेलातली भाजीसुद्धा आमच्याच डब्यात. डबा पुढे केल्यावर आजवर मला फक्त दोघांनी नाही म्हटलं आहे.

दुधाचं पूर्ण जमलं नाही. डेअरीतून किटलीत सुटं दूध आणायला सुरुवात केली. उन्हाळ्यात दोनदा नासलं, आणि सकाळी साडेसहाला जायचं तर कुणाची तरी धावपळ होते. आता एक लिटर किटलीत येतं, एक पिशवी येते. पिशवीचा कोपरा पिशवीलाच राहतो. पाहुण्यांपैकी कुणी ओट्यापाशी कात्री उचलली की मुलगा धावत जातो.

आता ज्या विषयावर घरात मोकळेपणी बोलायला मलाच सहा महिने लागले, त्याबद्दल. वापरलेली पॅड कचरावेचक बायकांना रोज हाताळावी लागतात, बऱ्याचदा नीट न गुंडाळलेली. २०१३ साली पुण्यातल्या या बायकांनी अशी पॅड गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवली होती: तुम्ही विकता, तर विल्हेवाटीची जबाबदारीही घ्या. ओळखू यावं म्हणून पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीमही त्यांचीच. मी ठिपका काढत होते, पण पॅड वापरणं चालूच होतं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी पॅडऐवजी पाळीचा कप वापरायला शिकले. पहिले दोन महिने जड गेले; भीती वाटली, एकदा ऑफिसात फजिती झाली, सोडून द्यावंसं वाटलं. तिसऱ्या महिन्यात जमलं. सिलिकॉनचा एक कप नीट उकळून वापरला तर कित्येक वर्षं पुरतो. लेकीला मी काही सुचवलं नाही. तिने आपणहून कापडी पॅड निवडली, आणि ती स्वतः धुते. सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. "आमच्या वेळी फडकीच होती," म्हणाल्या, "पण वाळवायला ऊन मिळायचं नाही, लपवून ठेवायची." लेकीची पॅड आता गॅलरीत इतर कपड्यांबरोबर उन्हात वाळतात.

कपड्यांचा ढीग मी शेवटी ठेवला होता, कारण त्याची मला खरी भीती होती. आमच्या लहानपणी बोहारीण दारात यायची, जुन्या साड्यांवर पातेलं मिळायचं आणि त्या घासाघिशीत अख्खी दुपार जायची. आताही एक बाई येतात, पण त्यांना चांगलेच कपडे हवेत. फाटकं, विरलेलं कुणी घेत नाही. कपाटातून मऊ झालेल्या सुती साड्या निघाल्या नऊ, धोतर एक, शिवाय मुलांचे बाळपणीचे कपडे. सासूबाई म्हणाल्या, "वाकळ घालू या."

वैशाखात आम्ही हॉलमधलं टेबल भिंतीला लावलं आणि जमिनीवर बसलो. खाली अखंड साडी, अस्तराला. तिचे चारही कोपरे ताणून त्यांनी वर पाटे-वरवंटे ठेवले. त्यावर विरलेल्या साड्यांचे थर, फाटलेली जागा एकाखाली एक येणार नाही अशा बेताने. सिंथेटिक काही घालू दिलं नाही: "ते घाम पीत नाही आणि टाका धरत नाही." सगळ्यात वर लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक, मुलाचं झबलं, माझ्या आईच्या इरकलीचा उरलेला तुकडा असे चौकोन. मग कडेने धावदोरा. चार थरांतून सुई आरपार काढायची तर अंगठ्याला भोक पडतं. सासूबाईंनी माझ्या अंगठ्याला चिंधी बांधली. त्यांचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका रेषेत. माझे तिरके, लांब. एक फेरा पूर्ण झाला की दोन बोटं आत सरकून दुसरा. एकदा मी माझे वाकडे टाके उसवायला लागले तर त्यांनी हात धरला. "राहू दे. कोणाचा हात कुठला ते कळलं पाहिजे." तेवीस दिवस लागले, रोज दुपारचा तासभर. ती वाकळ आता मुलगा पांघरतो, आणि त्यात माझा कोपरा कुठला हे त्याला ठाऊक आहे.

मोडलेल्या वस्तूंचं तसं पटकन जमलं. मिक्सर फिरेना तेव्हा सेवा केंद्रातल्या माणसाने "नवा घ्या, परवडेल" असं सांगितलं. मी तो पिशवीत घालून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नेला. भांड्याखालचं प्लास्टिकचं कपलर झिजलं होतं. पाच मिनिटांत बदललं, ७० रुपये. इस्त्रीची वायर, छत्रीची काडी, कुकरची रिंग, सगळं शहरात दुरुस्त होतं, अर्धा दिवस काढायची तयारी हवी. घासणीच्या जागी घोसाळ्याची वाळलेली जाळी आली. लिंबा-संत्र्याच्या साली खतात लवकर कुजत नाहीत. त्या तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग असं बाटलीत भरून तीन महिने ठेवलं की फरशी पुसायचं पाणी तयार होतं. बाटली प्लास्टिकचीच घ्यावी आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा, काच फुटू शकते. गणपती शाडूचा आणला, घरीच बादलीत विसर्जन केलं, गाळ वाळवून पुढच्या वर्षासाठी मूर्तिकाराला परत दिला.

मध्यंतरी माझ्या मनात एक शंका सलत होती. आमच्याकडे येणाऱ्या ताई 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद. पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, त्यातून पुढे 'स्वच्छ' झाली, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून या बायका घरोघरचा कचरा गोळा करतात. घरामागे मिळणारे महिन्याचे पैसे आणि सुक्या मालाची विक्री, यावर त्यांचं घर चालतं. मग आम्ही कचराच कमी केला तर त्यांच्या ताटातलं काढून घेतो का? मी सरळ विचारलं. त्या जिन्यात टेकल्या. "ताई, पुठ्ठा, बाटली, पिशवी हा आमचा माल. तो द्या. तुमचं सडकं आणि पाकिटं, त्याचं आम्हाला काय मिळतं? पाठ दुखती तेवढी." तेव्हापासून आम्ही रद्दीवाल्याला काही विकत नाही. वर्तमानपत्रं, खोकी, बाटल्या सगळं कोरडं करून त्यांच्याच पोत्यात जातं. ओला कचरा त्यांना द्यावाच लागत नाही, म्हणून आमच्या मजल्यावर त्यांची बादली हलकी असते. महिन्याचे पैसे मात्र आम्ही एक रुपयाही कमी केलेले नाहीत. घरात खत होतं म्हणून ते देणं थांबवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याबद्दल मी त्यांच्याशी भांडले आहे.

यंदाची संक्रांत आली. वाणाला काय द्यायचं यावरून नणंदेशी जरा वाजलं; तिला डझनाने मिळणाऱ्या प्लास्टिकच्या टोपल्या बऱ्या वाटत होत्या. मी घोसाळ्याच्या जाळ्या कापून, कडेला दोरी ओवून ठेवल्या होत्या, सोबत मूठभर घोसाळ्याचं बी. पस्तीस जणी येऊन गेल्या. तिघींनी नंतर वेल उगवल्याचे फोटो पाठवले, बाकीच्यांचं माहीत नाही.

त्याच आठवड्यात मी पुन्हा सात दिवस तोललं. ओला कचरा ५ किलो ६०० ग्रॅम, सगळा गॅलरीतल्या बादल्यांत. विकला जाणारा सुका माल १ किलो १५० ग्रॅम. आणि कुणालाच नको असलेला वाटा २६० ग्रॅम. त्यात चिकटपट्टी होती, मुलाच्या वाढदिवसाला आलेली चॉकलेटची वेष्टनं होती आणि सासूबाईंच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या.

या पट्ट्यांचं मला अजून काही सुचलेलं नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या दोन आणि साखरेची एक, रोज तीन गोळ्या. एका बाजूला प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम, आणि दोन्ही सुटत नाहीत. औषधाच्या दुकानात विचारलं, भंगारवाल्याला विचारलं, ताईंना विचारलं. कुणी घेत नाही. टाकवत नाहीत म्हणून मी त्या बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात साठवते आहे. डबा आता काठोकाठ आला आहे. पुण्यात कुणी त्या घेत असेल तर मला नक्की सांगा, मी आणून देईन.